पात्र दारापर्यंत का जात नाही? जुन्या गेमचं इंजिन लिहिताना

नमस्कार मंडळी! आज वेगळाच विषय घेणार होतो, पण गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच: "दादा, गेमची लिंक टाका ना." अरे, नाही टाकणार! मी लिहितोय ते 'मंकी आयलंड २' या जुन्या गेमचं इंजिन, म्हणजे त्याच्या फायली वाचून तो चालवणारा प्रोग्राम; गेम नव्हे. चित्रं, संवाद, संगीत सगळं मूळ सीडीवरच्या फायलींत असतं आणि ते ज्याचं त्याच्या मालकीचं. तुमच्याकडे सीडी असेल तर लावा. कोड माझा आहे, तो खुला ठेवलाय; घ्या, बदला, नावं ठेवा.

आणि हा इम्युलेटरही नाही. डॉसबॉक्स अख्खं जुनं मशीन उभं करून त्यात मूळ प्रोग्राम चालवतं. आपण तो मूळ प्रोग्रामच बाजूला काढतो आणि त्याच्या जागी आपला बसवतो. हे जमतं, कारण लुकासफिल्म गेम्सच्या लोकांनी १९८७ च्या 'मॅनियाक मॅन्शन' या गेमसाठी स्कम नावाची खास भाषा केली. गेम त्या भाषेत लिहायचा, तिचे आकडे करून फायलीत भरायचे आणि ते आकडे वाचणारा प्रोग्राम वेगळा. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेयसनं तो वाचणारा प्रोग्राम नव्यानं लिहायला घेतला, तेच स्कमव्हीएम. (म्यूटोरेंट आठवतंय, फायली डाउनलोड करायचं ते? तेही त्याचंच. कॉलेजात आपण ते कशासाठी वापरलं, हे कॅमेऱ्यासमोर नको.)

"मग स्कमव्हीएम असताना तू परत कशाला लिहितोस?" चितळ्यांची बाकरवडी मिळते म्हणून घरी कोणी करत नाही का?

बरं, मुद्द्यावर येऊ. 'मंकी आयलंड २'ही स्कममध्येच लिहिलेला. त्याची डेटा फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, म्हणजे फायलीतले बाइट (० ते २५५ मधले आकडे) जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये. स्क्रीनवर बघा: इंग्रजी लहान 'आय' अक्षर, परत आय, ओळीच्या ओळी आय. मला वाटलं फाइल खराब. खराब नाही, प्रत्येक बाइट १०५ शी एक्सऑर केलाय, म्हणजे दोन्ही आकड्यांचे बिट जोडीनं बघायचे: वेगळे तिथे १, सारखे तिथे ०. फायलीत शून्यं भरपूर असतात, शून्याचं होतं १०५, आणि १०५ म्हणजेच ते 'आय'. परत १०५ शीच एक्सऑर केलं की झालं, एका ओळीचा कोड.

खरी गोम पुढे आहे. हे मी मागच्या दोन्ही व्हिडिओंत सांगितलंय, तरी रोज कोणीतरी विचारतंच, म्हणून परत. 'या पात्राला तिथे चालव' ही आज्ञा म्हणजे ३०. तिच्यामागे पात्राचा क्रमांक एका बाइटमध्ये, मग आडवी जागा दोन बाइट, उभी जागा दोन बाइट. पण आज्ञा १५८ आली तर? १५८ म्हणजे ३० अधिक १२८. काम तेच, फक्त पात्राचा क्रमांक आता थेट लिहिलेला नाही, एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे बदलता आकडा ठेवायच्या कप्प्यात आहे. आणि व्हेरिएबलचा नंबर घेतो दोन बाइट. एक नाही, दोन!

फॉर्म भरताना कसं होतं? आडनाव दोन शब्दांचं म्हणून कोणी ते दोन रकान्यांत लिहितो. मग त्याचं नाव वडिलांच्या रकान्यात, वडील गावाच्या रकान्यात आणि पिनकोड मोबाइलच्या जागी. खिडकीवरच्या माणसाची चूक नाही, तो रकाने क्रमानंच वाचतोय.

आता माझी फजिती ऐका. वरचा बिट, म्हणजे तो १२८ वाला, मी सरळ झाकून टाकला होता, म्हणजे माझ्या लेखी १५८ ही ३०च. व्हेरिएबल बारावं, आडवी जागा १००. बाइट असे: १२, ०, १००, ०. मी १२ हाच पात्राचा क्रमांक धरला. दोन बाइटच्या आकड्यात दुसरा बाइट २५६ पट धरतात, म्हणून ० आणि १०० मिळून आडवी जागा झाली २५६००! स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद, आणि मी त्याला बहुतेक लोणावळ्याला पाठवत होतो.

बरं, गेम कोसळला असता तरी कळलं असतं. पण सगळं एक बाइट सरकल्यामुळे शेवटी उभ्या जागेचं एक शून्य उरलं, इंजिननं ते पुढची आज्ञा म्हणून वाचलं, आणि शून्याचा अर्थ 'स्क्रिप्ट संपली'. ना एरर, ना काही. पात्र नुसतं उभं. तीन रात्री मी चित्र काढणारा कोड उसवत बसलो. आई पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हा अजून इथेच उभा?"

म्हणून कमेंटमध्ये "दादा, माझं पात्र हलत नाही" लिहिणाऱ्यांनो, ग्राफिक्सला हात लावू नका. आधी प्रत्येक आज्ञेनंतर कितव्या बाइटवर पोचलात ते छापा आणि कागदावर मोजा. खरंच कागदावर. एकानं लिहिलं, "एआयला विचारलं, तो म्हणतो कोड बरोबर आहे." बाइट मोजलेस का, बाबा?

आवाजाचं विचारणाऱ्यांनी थोडं थांबा, ॲडलिब, म्हणजे त्या काळचं साउंड कार्ड, हे वेगळंच प्रकरण आहे. तूर्तास आमचा गडी दारापर्यंत पोचतोय. पाठमोरा चालत जातो, पण पोचतो. ते पुढच्या व्हिडिओत.