भिंतीपलीकडचा गोल

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, जिकडून ऐकालाय तिकडं सगळ्यांना रामराम. आज फुटबॉलचं बोलायचंय. आता मी काय खेळाडू नव्हं, आमच्या गावाकडं कुस्ती न कबड्डी, टीव्हीवर क्रिकेट, संपला विषय. कॅम्पातली पोरं खेळताना बसच्या खिडकीतनं दिसायची तेवढीच फुटबॉलची ओळख. आणि 2014 ला उद्यमबागेतल्या नोकरीतनं मशीनच्या ट्रेनिंगला जर्मनीत श्टुटगार्टला गेलो, तो नेमका वर्ल्डकपच्या टायमाला.

गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे, साइडच्या आरशांनापण झेंड्याची टोपरी. एरवी रविवारी तिथं बाजार चिडीचूप, दुकानं बंद, आणि मला विचाराल तर तेच बरोबर, आपल्या गणपत गल्लीलापण आठवड्यातनं एक दिवस श्वास घेऊ द्या की, पण ते असू दे.

ऑफसाइड काय असतो ते शेवटी सांगतो. मलाबी तवा ठाऊक नव्हतं, काही अडलं नाही.

तर 8 जुलै, सेमीफायनल, ब्राझील विरुद्ध जर्मनी, आणि तीबी ब्राझीलच्याच बेलो होरिझोन्तेत. ब्राझीलचा हुकमी गडी नेमार पाठ मोडून घरात. तिथं जर्मनीत रात्रीचे दहा, इकडं तुम्ही झोपलेले, दीड वाजलेला. आमच्या घरमालकीण आजींनी मागच्या अंगणात स्क्रीन लावलेला, पण तो इंटरनेटवरचा आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची डिश. इंटरनेटवरचं चित्र मागनं येतंय बघा. म्हणजे गोल आधी भिंतीवरनं ऐकायचा, मग डोळ्यांनी बघायचा.

अकराव्या मिनिटाला पलीकडं बोंब उठली, आमच्यात अजून कॉर्नरच मारालेत. जर्मनीच्या म्युलरचा गोल. तेविसाव्याला परत बोंब, क्लोझं. वर्ल्डकपमधला त्याचा 16 वा गोल, तोवर एवढे कुणी मारले नव्हते. आजी खुर्चीतनं उठून टाळ्या वाजवालेत, आणि तेवढ्यात पलीकडं आणखी ओरडा. आजी वैतागल्या, म्हणाल्या रिप्लेला कशाला ओरडतात ही माणसं! रिप्ले कुठला, तिसरा गोल तो. मग चौथा. आम्ही एकाला टाळ्या वाजवायच्या आत भिंतीवरनं दुसरा येतोय. एकोणतिसाव्याला पाचवा, आणि ह्या टायमाला पलीकडनं बोंबच नाही, कोणतरी नुसतं हसलं. सहा मिनिटांत चार गोल झालेले. आजी खाली बसल्या, म्हणाल्या, पुरे की रे आता.

हाफटाइमला खानापूरला थोरल्या भावाला फोन लावला. झोपेतनं उठला. म्हटलं दादा, पाच-शून्य. तो म्हणाला, पिलास काय?

शेवट सात-एक. ब्राझीलचा तो एक नव्वदाव्या मिनिटाला आला, ऑस्करचा, त्याला आमच्या अंगणात सगळ्यात जोरात टाळ्या. फायनलला गोट्झंनं 113 व्या मिनिटाला अर्जेंटिनाला गोल घातला, जर्मनी जिंकली, रात्रभर गाड्यांचे हॉर्न. पण मला विचाराल तर खरी मजा भिंतीजवळच्या मॅचला.

काचेपलीकडनं हात दाखवालेत, वेळ संपला. तर ऑफसाइड, पटकन ऐका. समोरच्यांच्या हाफमध्ये असाल तर पास सुटायच्या क्षणी एक तर बॉलच्या मागं राहा, नाहीतर गोलकडं बघून तुमच्या पुढं, किंवा निदान बरोबरीला, त्यांचे दोन गडी पाहिजेत. गोलकीपर त्यात धरायचा. थ्रो-इनला हे लागत नाही. कळलं नसेल तर कॅम्पातल्या कुठल्यापण पोराला विचारा.