जुने आणि जुन्यासारखे
(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रसिक श्रोतेहो,

आज येताना मी पिशवीतून दोन धोटे आणले आहेत आणि ते तुमच्यासमोर ठेवूनच बोलणार आहे. ज्यांच्या घरात माग चालत होते त्यांना धोटा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. तरुण मंडळींसाठी एवढेच सांगतो, की उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धावणारी ही लाकडी होडी, हिच्या दोन्ही टोकांना पोलादी टोपणे असतात आणि पोटातल्या पोकळीत सुताची कांडी बसते. यांपैकी एक धोटा मला मंगळवार बाजारात भंगाराच्या ढिगात मिळाला, तर दुसरा शोभेच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात. हा दुसरा ‘अँटिक’ म्हणून विकला गेला.

अँटिक या शब्दाला आपल्या बाजारात काही धरबंध उरलेला नाही. पुरावशेषांसंबंधीच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने पुरातन वस्तूंसंबंधीच्या, १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट घातलेली आहे, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आजोबांचा बेकेलाइटचा रेडिओ या व्याख्येत बसत नाही. तो जुना आहे, जिव्हाळ्याचा आहे, आणि तेवढे पुरे आहे. त्या रेडिओच्या आकाराचा, आत ब्लूटूथ असलेला नवा डबा हा मात्र तिसराच प्रकार झाला. त्याला आपण ‘जुन्यासारखा’ म्हणू. जुन्या वस्तूत आपण वयाचे पैसे मोजतो आणि जुन्यासारख्या वस्तूत रूपाचे. रूपाचे पैसे मोजण्यात काहीही कमीपणा नाही; तक्रार एवढीच आहे, की रूप दाखवून वयाची किंमत घेतली जाते.

रूपाचे पैसे आनंदाने द्यावेत असे उदाहरण आपल्याच गावात आहे. सोलापुरी चादरीचे जॅकेट घालून कोणी आमच्या काळी चाटी गल्लीतून गेला असता, तर त्याला ‘थंडी वाजतेय का’ असे विचारून लोकांनी हैराण केले असते; आज तेच जॅकेट मुले लग्नाला घालून जातात. मला ते आवडते. मात्र भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीचे नाव लावून, नुसती नक्षी छापलेले पॉलिएस्टरही विकले जाते, म्हणून जॅकेट हातात आल्यावर अस्तराची कड उचलून कापडाची उलटी बाजू पाहावी. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उमटते आणि रंगांची अदलाबदल होते, म्हणजे समोर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल मोर असतो. छापील कापडाची मागची बाजू फिकट आणि मुकी असते.

आता माझ्या फजितीची गोष्ट. एचएमटीचे घड्याळांचे उत्पादन १९६१ साली बंगळूरूत सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने सुरू झाले, आणि रोज चावी द्यावी लागणारे ‘जनता’ हे त्यांचे घड्याळ आमच्या पिढीत नोकरी लागल्याची खूण होते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली आणि जुन्या घड्याळांना एकदम भाव आला. मीही एका दुकानातून देवनागरी आकड्यांचे, हिरव्यागार तबकडीचे ‘जनता’ घेतले आणि आठवडाभर मिरवले. नंतर ते तेलपाण्यासाठी ओळखीच्या घड्याळजींकडे नेले, तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिले. आतले यंत्र खरे होते. पण तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या होत्या, आणि काटे कुठल्या तरी दुसऱ्याच घड्याळाचे होते. जुन्या यंत्रावर नव्याने छापलेली तबकडी चढवण्याचा हा धंदा जोरात आहे. पन्नास वर्षे मनगटावर काढलेल्या घड्याळाची तबकडी कोऱ्या नोटेसारखी कशी राहील, हा प्रश्न मला दुकानात सुचायला हवा होता. घड्याळ अजून वापरतो, वेळ बरोबर दाखवते.

नाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, त्यानंतर १९६४ पर्यंत पैशाला ‘नया पैसा’ म्हणत, आणि ही नाणी अजून कितीतरी घरांत डब्याच्या तळाशी पडलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना विशेष किंमत येत नाही. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिलेला आहे. आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका. लख्ख केलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात.

ग्रामोफोनच्या बाबतीत पितळी कर्ण्याला भुलू नये. चकचकीत कर्णा, नवी पेटी आणि इकडून तिकडून जमवलेले भाग अशी जुळणी सर्रास होते. शोभेला ठेवायची असेल तर अवश्य घ्या, पण तिच्यावर एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली प्लास्टिकची तबकडी, लावू नका, कारण पोलादी सुई आणि ती धरणारा जड साउंडबॉक्स एलपीच्या बारीक खाचा खरवडून टाकतात. उलट, सुटकेसच्या आकाराचे जे नवे रेकॉर्ड प्लेअर मिळतात त्यांवर मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग असला, तरी त्या वेगाच्या जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, आणि तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. ती सुई मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

तर आता हे धोटे. कोणतीही जुनी वस्तू घेताना मी आधी हात कुठे लागत असेल ते पाहतो, कारण झीज तिथेच हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे ती पॉलिशकागदाची. या धोट्याला तळाशी गुळगुळीत चकाकी आहे, कारण तो हजारो वेळा धाग्यांवरून घसरलेला आहे, आणि वरचे लाकूड तेल व घामाने काळवंडले आहे. धागा बाहेर पडतो त्या चिनीमातीच्या डोळ्याचा टवका उडालेला आहे. पोकळीच्या कोपऱ्यात बोट घाला, अजून सुताचा भुगा निघेल. दुसऱ्याला छान व्हार्निश आहे, चारी बाजूंनी सारखे ओरखडे आहेत, आणि डोळ्याच्या जागी नुसते भोक आहे, ज्यातून कधी धागा गेलेला नाही. पहिला मला भंगारवाल्याने वजनावर दिला. दुसऱ्यासाठी मी त्याच्या आठपट मोजले, आणि तो मी दिवा लावायला घेतला आहे. दिवा सुंदर दिसतो. बोलणे संपल्यावर पुढे येऊन दोन्ही हातात घेऊन पाहा.