काटा 70 वरच का थांबतो?

(दृश्य: पहाट. वाळवंटातलं उघडं माळरान. दूरदूरवर उभी मोटरहोम.)

अॅरिझोनातलं क्वार्टझ्‌साइट. उन्हाळ्यात भाजून काढणारं छोटंसं गाव. हिवाळा लागला की उत्तरेतल्या बर्फाला कंटाळलेली माणसं आपलं घर चाकांवर घालून इथे येतात. गावालगतच्या सरकारी माळावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल लांबचा मुक्काम करता येतो.

त्यातलीच ही एक गाडी. 40 फूट लांब. इंजिन मागच्या टोकाला, म्हणून या जातीला म्हणतात डिझेल पुशर. आत ओटा, फ्रिज, पलंग, कपाटाच्या वर देवांसाठी हातभर जागा. खालून मात्र ती चक्क बस आहे. ब्रेक हवेवर, सस्पेन्शन हवेवर, ड्रायव्हरची सीटसुद्धा हवेवर. स्टँडवर एसटी थांबली की येणारा तो 'फुस्स' आवाज आठवा. इथेही तोच येतो.

(दृश्य: डॅशबोर्ड. हवेच्या दाबाचे दोन काटे.)

गाडीचे मालक म्हणजे निवृत्त मराठी जोडपं. रात्री इंजिन बंद केलं तेव्हा दोन्ही काटे 120 पीएसआयवर होते (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक). आता एक 110 वर आहे आणि दुसरा 70 वर.

110 वाल्याची काळजी नको. थंडीत हवा आकसते. दुपारच्या 25 अंशांवरून पहाटे पारा 5 वर आला, तर एक थेंबभरही गळती नसताना 120 चे साधारण 111 होतात. या हिशेबाकडे दुर्लक्ष करून हवेच्या नळ्यांचे चांगले सांधे उघडून बसणारे लोक कमी नाहीत.

दुसरा काटा मात्र खरं बोलतोय.

(दृश्य: काका चाकांना ठोकळे लावताहेत. काकू ड्रायव्हरच्या सीटवर.)

काकांचा पहिला संशय ब्रेकवर. त्यासाठी चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून डॅशवरचं पिवळं बटण आत दाबायचं. हँडब्रेक सुटतो. हाच स्प्रिंग ब्रेक: स्प्रिंग तो लावून ठेवते, हवा तो सोडवते. चाकाजवळ सुस्कारा तेव्हाच सुरू झाला, तर दोष त्या चाकाच्या स्प्रिंग ब्रेकच्या बाजूचा. पेडल दाबल्यावरच ऐकू आला, तर रोजच्या ब्रेकचा रबरी पडदा नाहीतर पेडलखालचा व्हॉल्व्ह. अमेरिकेत ट्रकच्या परवान्याच्या परीक्षेत हे विचारतात: पेडल न दाबता मिनिटाला 2 पीएसआय, दाबून धरल्यावर 3, यापेक्षा जास्त घट चालत नाही. एवढंच धूड खाजगी मोटरहोम म्हणून चालवायचं असेल, तर बऱ्याच राज्यांत ही परीक्षा द्यावीच लागत नाही. हे काही आम्हाला पटलेलं नाही.

"अहो, काटा हलत नाहीये," काकू वरून सांगतात.

ब्रेक निर्दोष. दोन सकाळी याच्यातच गेल्या.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी. काका गाडीखाली शिरलेले नाहीत. गाडी हवेच्या फुग्यांवर उभी आहे. फुगा बसला की सगळं वजन खाली येतं, तेही न सांगता. चॅसीला भक्कम स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. आणि स्प्रिंग ब्रेकचा डबा घरी उघडायचा नाही. आतली दाबलेली स्प्रिंग उसळली, तर जीव घेऊ शकते.

(दृश्य: पुन्हा डॅशबोर्ड. 70 वर स्थिर काटा.)

मग खुणेची गोष्ट कोणती? काटा शून्यावर गेला नाही, 70 वर थांबला. ब्रेकच्या टाकीतून हॉर्न, सीट, फुगे अशा जास्तीच्या गोष्टींना हवा जाते, ती वाटेतल्या एका राखणदार व्हॉल्व्हमधून. दाब 70 च्या आसपास आला की तो मिटतो आणि उरलेली हवा ब्रेकसाठी राखून ठेवतो. म्हणजे गळती राखणदाराच्या पलीकडे आहे. एखादा फुगा गळत असता, तर गाडीचा तो कोपरा सकाळी बसलेला दिसला असता. गाडी सरळ आहे.

सुस्कारा ऐकू यावा म्हणून जनरेटर बंद. फ्रिजचा पंखाही बंद. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायचा साबण. सांध्यांवर फवारायचं, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. काच पुसायचं द्रावण वापरू नये, त्यात अमोनिया असला तर पितळी सांध्यांना तडे जातात.

हॉर्नच्या सांध्यावर बुडबुडे नाहीत. पायरीकडे जाणाऱ्या नळीवरही नाहीत.

"अगं, तू जरा ऊठ बघू."

(दृश्य: सीटखाली टॉर्चचा उजेड. नळीवर फेस.)

सीट खालीवर होताना नायलॉनची नळी पत्र्याच्या कडेला घासत होती. तिथे आता बारीक बुडबुड्यांचा गड्डा फुलतोय, फ्लॉवरसारखा. काकू दोन सकाळी नेमक्या त्याच्यावर बसून काट्याकडे बघत होत्या.

काका टाक्यांतली हवा सोडतात. झिजलेला तुकडा धारदार पात्याने, अगदी काटकोनात कापतात, कारण तिरकं कापलं तर नळी सांध्यात नीट बसत नाही आणि गळती परत येते. नवा सांधा, नळीवर रबराचं वेष्टण.

(दृश्य: दुसरी पहाट. दोन्ही काटे 110 वर.)

"दहा अजून जातायत," काका म्हणतात.

"ते थंडीचे," काकू म्हणतात, आणि चहाचं आधण ठेवतात.