घडणावळीचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

मे १८८७. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात फ्रान्सच्या राजघराण्याचे दागिने लिलावाला निघाले. विकणारं होतं खुद्द प्रजासत्ताक सरकार. मुकुटच उरला नाही तर राजा परत येईल कशाला, असा हिशेब! न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याच्या पेढीने सर्वांत जास्त माल उचलला. पुढे यातले कितीतरी दागिने मोडले गेले, हिरे सुटे करून विकले गेले, आणि नामांकित कारागिरांची घडण मातीमोल झाली.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. जुन्या पाटल्या मोडीत दिल्या की सराफ वजन करतो, तूट धरतो. घडणावळीचे पैसे कोण देतो?

फ्रेंच दागिन्यांच्या लिलावात मात्र आता नेमकी तीच घडणावळ भाव खाते. जाणकार माणूस दागिना हातात आला की आधी उलटा करतो. मागची बाजूही पुढच्याइतकीच सफाईदार आहे का, हे बघतो. मग भिंगातून शिक्के शोधतो. गरुडाचं डोकं म्हणजे अठरा कॅरेट सोनं. हा शिक्का १८३८ पासूनचा. कुत्र्याचं डोकं म्हणजे प्लॅटिनम. शिवाय पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा एक ठसा असतो, तो घडवणाऱ्याचा. पुष्कळदा तो नावाजलेल्या पेढीचा नसतोच. तिला माल बनवून देणाऱ्या, कधी पाटीवर न झळकलेल्या कारखान्याचा असतो. मला विचाराल तर हा ठसा सर्वांत मोलाचा.

व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीने १९३३ मध्ये एका जडावाचं पेटंट घेतलं. माणकाच्या कडेला बारीक खाच पाडायची आणि सोन्याच्या केसभर रुळांवर एकेक माणिक सरकवत न्यायचं. वरून धातू दिसतच नाही, नुसता लाल मखमली पृष्ठभाग. खाच पाडताना खडा तडकला की तो गेला. एका ब्रोचला किमान ३०० तास लागतात, असं पेढी सांगते. एवढे तास वजनकाट्यावर कसे मोजणार?

लिलावाच्या हातोड्याने ते मोजले. एप्रिल १९८७ मध्ये जिनिव्हात सदबीज या लिलावपेढीने डचेस ऑफ विंडसरचे, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली त्या बाईंचे दागिने विकले. अंदाज होता सत्तरेक लाख डॉलरचा, जमले सुमारे पाच कोटी. पैसा गेला पॅरिसच्या पाश्चर संस्थेला. बाईंच्या नावाचं वलय होतंच, ते नाकारून चालणार नाही. पण त्यातलं पॅरिसच्या कार्टिये पेढीचं १९५२ चं बिबट्याचं कडं बघा. हिरे, काळा ऑनिक्स, आणि सांधे असे की अख्खा बिबट्या मनगटाभोवती लवतो. २०१० मध्ये लंडनला ते पुन्हा विकलं गेलं, ४५ लाख पौंडांना. त्यातले हिरे सुटे करून विकले असते तर या रकमेच्या जवळपासही कुणी गेलं नसतं.

१८८७ च्या लिलावात गेलेली, तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिची हिऱ्यांची बो, म्हणजे फितीच्या गाठीसारखा ब्रोच, २००८ मध्ये लूव्र संग्रहालयाने ६० लाखांहून अधिक युरो मोजून परत आणली. १९ ऑक्टोबर २०२५ ला ती चोरीला गेली. असा दागिना सबंध विकायला जावं तर जग ओळखतं. म्हणून खडे उचकटले जातील, हीच जाणकारांची पहिली धास्ती होती.

पॅरिसला कधी गेलात तर द्रुओ या लिलावगृहात जरूर डोकवा. लिलावाआधी माल मांडलेला असतो, बघायला तिकीट नाही. काचेमागचा एखादा ब्रोच बाहेर काढून दाखवा म्हणावं. आणि हातात आला की, अर्थातच, उलटा करून बघा.