कोरा कागद घेऊन बसा

नमस्कार श्रोतेहो.

एका घरात एकच मोबाइल आहे. दिवसभर तो सासऱ्यांच्या खिशात असतो, संध्याकाळी पोरांच्या हातात. भरदुपारी त्यावर संदेश येतो, ‘आपला सिकलसेल अहवाल तयार आहे, निकाल एसएस.’ एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार आहे. फोनला कुलूप असलं तरी संदेशाची पहिली ओळ वर दिसतेच. संस्थेच्या वेबसाइटवर तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या सुनेनं घरात अजून तोंड उघडलेलं नसतं. संस्थेच्या गोपनीयता धोरणात ‘तुमची माहिती आम्ही कोणालाही देत नाही’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि संस्थेनं ती कोणाला दिलेलीही नसते. तरी बातमी घरभर होते.

हे भोक वकिलाला दिसत नाही, वेबसाइट बांधणाऱ्याला दिसत नाही. ज्याच्या घरात पाच माणसांत एक फोन आहे, त्याला ते चटकन दिसतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हणून आज बोलायचंय ते सिकलसेलवर काम करणाऱ्या संस्थांनी आपल्या वेबसाइटची धोरणं रुग्ण स्वयंसेवकांना सोबत घेऊन कशी ठरवावीत, याबद्दल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, तिकडे नंदुरबार, या भागांत हा आजार घराघरांत माहीत आहे. तो रक्ताचा, आनुवंशिक आजार आहे, शिवल्यानं किंवा सोबत जेवल्यानं होत नाही. तरीही लग्न मोडतं ते याच एका शब्दावरून, आणि बहुतेकदा ते मुलीचं मोडतं. अशा आजाराच्या वेबसाइटवर काय लिहायचं, कोणाचं नाव दाखवायचं, हा साधा कारकुनी प्रश्न उरत नाही.

आधी क्रम नीट लावू. बहुतेक ठिकाणी होतं असं, की कुणीतरी दुसऱ्या संस्थेचं इंग्रजी धोरण उतरवून घेतं, त्याचं जड मराठी करतं, आणि मग दहा रुग्णांना बोलावून विचारतं, ‘काही बदल सुचवायचे आहेत का?’ कोणी काही सुचवत नाही. छापलेल्या कागदापुढे माणूस गप्प बसतो. त्यातून औषध त्याच संस्थेकडून मिळत असेल तर तो मान हलवून सही करतो. तेव्हा पहिल्या बैठकीला मसुदा आणूच नका. कोरा कागद आणा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या आजाराची माहिती चुकीच्या माणसापर्यंत कशी जाते? दोन तासांत कागद भरतो. धोरणाची खरी अनुक्रमणिका ती.

या रुग्ण समितीत माणसं किती हवीत? आठ ते दहा. सहाच्या खाली गेलात तर एक-दोघंच बोलतात, बाराच्या वर गेलात तर बायका बोलायच्या थांबतात. त्यात एसएस असलेले तिघे-चौघे, एसएस मुलांच्या दोन आया आणि एएस असलेले दोघे तरी असू द्या. एएस माणसाला आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचा गुण आलेला असतो, तो स्वतः आजारी नसतो, म्हणून संस्था त्याला विसरतात, पण लग्नाच्या बाजारात त्याचीही माहिती तितकीच जपावी लागते. लग्नाच्या वयाची एखादी मुलगी हवी आणि वाचता न येणारी दोन माणसं हवीतच. डॉक्टरांनी ‘हा चांगला बोलतो’ म्हणून पाठवलेल्यांनीच सगळी जागा भरू नका. चांगला बोलणारा बऱ्याचदा डॉक्टरांच्याच भाषेत बोलतो. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दर वर्षी निम्मे बदला, म्हणजे जुनं ठाऊक असलेलं कोणीतरी कायम राहतं.

तारीख ठरवताना रुग्णाचं शरीर आणि शेत दोन्ही पाहा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वेदनेचे झटके वाढतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि उन्हानं अंगातलं पाणी आटतं, तेही झटक्याला आमंत्रणच. जुलैत धानाची रोवणी. सोयीचे उरतात ते फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. बैठक सकाळी अकराला सुरू करा, म्हणजे पहिल्या एसटीनं निघालेला पोचतो, आणि दीडला संपवा. दर चाळीस मिनिटांनी उठायला वेळ द्या. प्रत्येकाच्या हाताशी पाण्याची बाटली हवी आणि शौचालय जवळ हवं, कारण भरपूर पाणी पिणाऱ्याला सारखं उठावं लागतं आणि दूर जायचं असेल तर तो पाणीच पीत नाही.

पैसे त्याच दिवशी, रोख, बैठक संपण्याआधी. ‘बिल द्या, महिन्यानं खात्यात येतील’ म्हटलंत की दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत. येण्याजाण्याचं भाडं वेगळं आणि बुडालेली रोजी वेगळी. एसटीत बायकांचं तिकीट अर्धं आहे म्हणून त्यांची रोजी अर्धी धरू नका. काही ठिकाणी हे खरोखर केलं जातं.

आता सगळ्यांत नाजूक गाठ. ज्या संस्थेकडून औषध, रक्ताची सोय, प्रमाणपत्राची मदत मिळते, तिच्याच तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ कसं म्हणायचं? ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण खोलीत बसलेली असते. यावर उपाय दोनच. औषध वाटणारा, समुपदेशन करणारा कर्मचारी बैठकीत नको, चर्चा बाहेरच्या माणसानं चालवावी. आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक वाक्य मोठ्यानं वाचायचं: ‘इथे काहीही बोललात, विरोध केलात, उठून गेलात, तरी तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही.’ दर वेळी वाचायचं. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकल्यावर लोकांना ते खरं वाटू लागतं.

पहिल्या बैठकीत एक कसोटी घ्या. साधा, स्वस्त मोबाइल हातात द्या आणि म्हणा, ‘समजा वेबसाइटवर तुमच्या मुलाचा फोटो आहे. तो काढायला कुठे सांगायचं, ते शोधा.’ तीन मिनिटांत सापडलं नाही तर तुमचं धोरण कागदावर आहे, वेबसाइटवर नाही. मग सर्च इंजिनात आपापलं नाव आणि गाव टाकून बघायला सांगा. इथे धक्के बसतात. नाव सापडतं ते बहुधा संस्थेच्या जुन्या वार्षिक अहवालात: लाभार्थ्याचं नाव, वय, गाव आणि शेवटच्या रकान्यात एसएस. पीडीएफवर कोणीतरी काळी पट्टी ओढलेली असते. पण पट्टी नुसती वर ठेवलेली असेल तर खालची अक्षरं तशीच असतात. मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव परत उभं राहतं. मूळ कागदातून नाव पुसायचं, नवी पीडीएफ बनवायची, जुनी सर्व्हरवरून उडवायची आणि सर्च इंजिनलाही तो दुवा काढायला कळवायचं. यातली शेवटची पायरी हमखास राहून जाते, मग ते पान मूळ जागेवरून गेलं तरी शोधात काही काळ दिसतच राहतं.

फोटोची संमती हा स्वतंत्र विषय आहे. ‘माझा फोटो वापरण्यास हरकत नाही’ या एका ओळीवरची सही काही कामाची नाही. वेबसाइट, छापील पत्रक, समाजमाध्यमं आणि देणगीदारांना जाणारा अहवाल, या चौघांसाठी चार वेगळे चौकोन हवेत. मुदत दोन वर्षांची, नंतर पुन्हा विचारायचं. लहान मुलाच्या बाबतीत पालक संमती देतात, पण आठव्या वर्षी काढलेला फोटो अठराव्या वर्षी त्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत निघतो. म्हणून आमचं ठाम मत आहे की अल्पवयीन मुलाचा चेहरा आजाराच्या नावाशेजारी येऊच नये. सलाईन लावलेलं, रडणारं मूल दाखवून देणगी मिळते हे खरं असेल. पण त्या मुलाच्या आईला समितीत बसवून हा प्रश्न विचारा, उत्तर काय येतं ते पाहा. आणखी एक बारीक गोष्ट: मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद असू शकते आणि फाइलच्या नावातच कर्मचारी मुलाचं नाव आणि निकाल लिहून ठेवतात. चेहरा झाकून उपयोग काय मग! चढवण्याआधी दोन्ही पुसा.

कायदाही याच बाजूचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणानं, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली असली पाहिजे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी आहे. गडचिरोलीकडच्या आदिवासींच्या भाषा, गोंडी नाही, माडिया नाही. म्हणजे मराठीत लिहून कायद्याची अट पूर्ण होईल, पण भामरागडच्या एखाद्या आजीला त्यातलं अवाक्षर कळणार नाही. दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा, गोंडीत आणि माडियात, आणि ते स्वयंसेवकांच्याच आवाजात असू द्या. मराठी कागद समोर ठेवून वाचायला लावू नका. विषय समजावून सांगा आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या.

संमती मागे घ्यायची सोय ईमेलवर ठेवलीत तर ती सोय नव्हे. एक फोन नंबर द्या, ज्यावर नुसता मिस्ड कॉल दिला तरी संस्थेकडून परत फोन येईल. फोटो किंवा नाव ४८ तासांत उतरलं पाहिजे आणि उतरल्याचं त्या माणसाला कळवलं पाहिजे. कोण उतरवणार, त्याचं पद धोरणात लिहा. ‘संस्था योग्य ती कार्यवाही करेल’ हे वाक्य दिसलं की समितीनं कागद परत पाठवावा.

अर्जाच्या रकान्यांवरही रुग्णांना बसवा. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारायचं, हे कशाला हवं? आधार क्रमांक पहिल्याच संपर्काला कशाला? आडनाव कशाला? आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात, आणि गावाचं नाव जोडलं की घर सापडतं. पहिलं नाव, फोन आणि ‘केव्हा फोन केलेला चालेल’ एवढ्यावर काम सुरू होतं. भरलेला अर्ज कोणाच्या ईमेलमध्ये जातो, हेही विचारा. संस्था सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात तो अजून पडत असल्याचं आढळणं नवं नाही. आणि सुरुवातीला सांगितलेला तो संदेश? त्यात आजाराचं नाव नको, निकाल नको. ‘आपल्या कामासंदर्भात फोन करा’ एवढंच.

आता वेबसाइटवरची वैद्यकीय माहिती. बरोबर आहे का, हे डॉक्टर बघतील. पोचते का, हे फक्त रुग्णच सांगू शकतात. ‘वाहक’ हा शब्द घ्या. एसटीत वाहक म्हणजे तिकीट फाडणारा. आरोग्याच्या भिंतीवर डास हा हिवतापाचा वाहक. मग ‘सिकलसेल वाहक’ वाचून माणूस समजतो, हा रोग पसरवतो. धोरणात ठरवून टाका की हा शब्द एकटा येणार नाही, पहिल्या वेळी सोबत लिहायचं: ‘एएस, म्हणजे आई किंवा वडिलांपैकी एकाकडून सिकलचा गुण आलेली, स्वतः आजारी नसलेली व्यक्ती.’ दुसरी नेहमीची चूक ‘चारपैकी एक’ची. आई-बाप दोघंही एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, हे बरोबर. पण पहिलं मूल एसएस झालेलं घर त्याचा अर्थ लावतं, पुढची तीन सुटली. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्यानं तेवढीच असते, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. असा मजकूर तपासायची रीत सोपी आहे. स्वयंसेवकाला वाचून दाखवा, कागद उलटा करा आणि म्हणा, ‘हे जाऊबाईंना सांगताय असं समजून सांगा.’ तीन जणांनी वेगवेगळा अर्थ सांगितला तर चूक मजकुराची.

हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचं प्रमाण मात्र वेबसाइटवर कधीच देऊ नका, समितीनं आग्रह केला तरीही. ते वजनावर आणि वेळोवेळी केलेल्या रक्ततपासणीवर ठरतं, आणि शेजारच्याच्या गोळ्या पाहून स्वतःच्या वाढवणारे लोक असतात. इथे निर्णय डॉक्टरांचा. हे आधीच लिहून ठेवायचं असतं, कुठल्या बाबतीत कोणाचा शब्द शेवटचा. फोटो, अनुभवकथन, आजारासाठी वापरायचे शब्द, फोनवरचे संदेश: रुग्ण समितीचा. अर्जातले रकाने आणि माहिती कोण पाहणार: दोघांनी मिळून. औषधं आणि कायदा: तज्ज्ञांचा, पण समितीनं ‘कळलं नाही’ म्हटलं तर ते पान थांबेल. ही वाटणी नसली की समिती नुसती सल्ला देत राहते आणि सहा महिन्यांनी तिला कोणी बोलावत नाही.

प्रत्येक बैठकीनंतर पंधरा दिवसांत एक पान परत पाठवा: तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे केलं, हे केलं नाही आणि का नाही. वाचता न येणाऱ्यांना फोन करून सांगा. ‘केलं नाही’चा रकाना रिकामा ठेवू नका, लोक तोच आधी ऐकतात.

शेवटी स्वयंसेवकांच्या नावांचं. धोरण तयार झालं की संस्थेला अभिमानानं वेबसाइटवर समितीची नावं, फोटो टाकावेसे वाटतात. आभार म्हणूनच. पण सिकलसेल रुग्णांच्या समितीत नाव म्हणजे आजार जाहीर. आधी प्रत्येकाला एकेकटं विचारा, सगळ्यांसमोर नको. कोणी टोपणनाव सांगेल, कोणी फक्त ‘गोंदिया जिल्ह्यातील एक आई’ म्हणा असं सांगेल. तसंच लिहा. तिच्यासाठीही तो मिस्ड कॉलचा नंबर आणि ते ४८ तास लागू आहेत.

नमस्कार.