काळाची तेरा नाती

केसपेपरवर तीन नोंदी आहेत. गोळ्या चालू असताना ताप आला. गोळ्या संपल्या तरी तो होताच. गोळ्या संपून काही काळ गेल्यावर अंगावर पुरळ उठलं. तारीख नाही, वेळ नाही. तरी यातून काय ठरतं आणि काय ठरत नाही, हे संगणकाला नेमकं सांगता आलं पाहिजे.

रॉचेस्टर विद्यापीठातल्या जेम्स ॲलन यांनी १९८३ साली यासाठी मांडणी दिली. त्यांनी क्षण नव्हे, कालखंड हा मूळ घटक धरला. दोन कालखंडांत तेराच नाती संभवतात. एक दुसऱ्याच्या आधी, एक संपताच दुसरा सुरू, दोन्ही अंशतः एकमेकांवर, एक दुसऱ्याच्या पोटात, फक्त सुरुवात सारखी, फक्त शेवट सारखा. ही सहा, त्यांची उलटी सहा, आणि तेरावं म्हणजे दोन्ही तंतोतंत एक.

डोळ्यांसमोर तीन पट्ट्या आणा. वर ताप, मध्ये गोळ्या, खाली पुरळ. वरच्या दोघांचं नातं माहीत आहे, खालच्या दोघांचंही. ॲलन यांच्या कोष्टकात ही जोडी बघितली की ताप आणि पुरळ यांच्यासाठी पाच शक्यता मिळतात. ताप पुरळाआधीच उतरला, पुरळ उठताक्षणी उतरला, पुरळ असताना उतरला, पुरळासोबत गेला किंवा त्याच्यानंतरही राहिला. ताप आधी सुरू झाला, एवढं पक्कं. आता चौथी नोंद सापडते: ताप आणि पुरळ एकत्र कधीच नव्हते. पाचांतल्या तीन गळतात, दोन उरतात. तीन-तीन कालखंडांच्या प्रत्येक त्रिकुटावर हेच करत राहायचं, काही बदलेनासं होईपर्यंत. कुठे एकही शक्यता उरली नाही, तर नोंदीच परस्परविरोधी.

पण खरी गोम इथेच आहे. त्रिकुटं सगळी जुळतात, तरी सगळे कालखंड मिळून एका रेषेवर बसत नाहीत, असं होऊ शकतं. चार कालखंडांचं असं उदाहरण ॲलन यांच्या त्याच लेखात आहे. पूर्ण तपासणी एनपी-कठीण आहे, म्हणजे ती नेहमी झटपट उरकेल अशी पद्धत कुणाला माहीत नाही, हे विलेन आणि कौट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवलं. अडचण ‘किंवा’मुळे येते: ‘आधी किंवा नंतर’ अशा नोंदी वाढल्या की निवडीचे मेळ भराभर फुगतात. १९९५ मध्ये नेबेल आणि ब्युर्कर्ट यांनी तेरा नात्यांतून बनणाऱ्या ८,१९२ नातेसंचांतले (‘आधी किंवा नंतर’ हा असा एक संच) ८६८ वेगळे काढले. तेवढेच वापरले, तर त्रिकुटांची तपासणी पुरते. आपली चौथी नोंद त्यांत बसत नाही.

आकडे असतील आणि ‘किंवा’ नसेल, तर काम बरंच सोपं होतं. डेख्तर, मेइरी आणि पर्ल यांच्या १९९१ च्या पद्धतीत प्रत्येक घटना एक बिंदू. ‘जास्तीत जास्त ८ तास’ म्हणजे ८ चा बाण, ‘किमान १० तास’ म्हणजे उलट दिशेचा −१०, नुसतं ‘त्यानंतर’ म्हणजे उलट दिशेचा ०. समजा, गोळ्या सुरू झाल्यावर किमान १० तासांनी ताप उतरला, पुरळ त्यानंतर उठलं, आणि तरीही ते गोळ्या सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत उठलं असं लिहिलंय. बाणांची फेरी पूर्ण करा: ८ − १० + ० = −२. फेरीची बेरीज ऋण आली, म्हणजे या नोंदी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत.

मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस १ यानावर घटना आणि बाणांच्या अशाच काल-जाळ्यांवर चालणाऱ्या नियोजक प्रणालीची चाचणी झाली. प्रयोग मध्येच अडला, पण जाळ्यामुळे नव्हे. आराखडा अमलात आणणाऱ्या भागातल्या दोन प्रक्रिया एकमेकींची वाट बघत थांबल्या होत्या. जमिनीवरच्या चाचण्यांत तसा योग कधी जुळून आलाच नव्हता.