एका सहीपासून सहा मतांपर्यंत

(टेबलावर पसरलेल्या जुन्या नोटा, कॅमेरा सह्यांवर)

ही १९३८ची पाच रुपयांची नोट. सही जेम्स टेलर यांची. त्यांच्याआधीचे, म्हणजे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ. त्यांच्या सहीची नोट कुठल्याच संग्राहकाकडे मिळणार नाही, कारण त्यांच्या काळात रिझर्व्ह बँकेने स्वतःची नोट काढलीच नव्हती. आणि ही, सहाव्या जॉर्जच्या चित्राखाली सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे देशमुख १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

सह्या बदलत गेल्या, व्याजदर ठरवण्याची रीत मात्र फार काळ तीच राहिली. सल्ला अनेकांचा, निर्णय गव्हर्नरांचा. तोही पुरता मोकळा नव्हता. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली, की ९१ दिवसांची 'ॲड हॉक' ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, आपोआप तयार व्हायची. बँकेने ती घ्यायची आणि नवा पैसा द्यायचा. गव्हर्नर कितीही खंबीर असोत, पैशाचा नळ दुसऱ्याच्या हातात होता. सी. रंगराजन गव्हर्नर असताना १९९४ मध्ये सरकार आणि बँकेत करार झाला, आणि एप्रिल १९९७ पासून ही बिलं बंद झाली. आज व्याजदर ठरवणाऱ्या समितीचा खरा पाया तिथे आहे.

(गोखले इन्स्टिट्यूट, धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, इतिवृत्ताची छापील पानं)

२०१६ मध्ये कायदा बदलला आणि पतधोरण समिती आली. सहा जण: गव्हर्नर, पतधोरण सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर, बँकेचा एक अधिकारी आणि सरकारने नेमलेले तीन बाहेरचे सदस्य. प्रत्येकाला एक मत. समसमान मतं पडली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं. कोणी काय मत दिलं आणि का, हे नावानिशी. ही पानं वाचायलाच हवीत.

बाहेरच्या सदस्यांची मुदत चार वर्षं, फेरनेमणूक नाही. अडचण अशी, की तिघांची मुदत एकदमच संपते. २०२० मध्ये नव्या नेमणुका वेळेत झाल्या नाहीत. बैठकीला किमान चार जण लागतात, उरले तीन. सप्टेंबरअखेरची बैठक पुढे ढकलावी लागली.

आता ही दोन पानं शेजारी ठेवू. ऑगस्ट २०२४: रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवर कायम, चार विरुद्ध दोन. बाहेरच्या सदस्यांपैकी आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांना पाव टक्का कपात हवी होती. चढा दर वाढीला मारक ठरतोय, हे त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०२५: पाव टक्का कपात, सहाच्या सहा मतं. मधल्या सहा महिन्यांत बाहेरचे तिघे बदलले, गव्हर्नर बदलले, डेप्युटी गव्हर्नर बदलले. दोन्ही पानांवर सापडणारं नाव एकच, बँकेचे अधिकारी सदस्य राजीव रंजन. माणसं बदलली म्हणून दर उतरला, असं म्हणणं मात्र घाईचं होईल. ऑक्टोबरात ६.२१ टक्के असलेली महागाई डिसेंबरपर्यंत ५.२२वर आली होती.

(नारायणगाव, टोमॅटोचा बाजार; क्रेट उतरताहेत)

महागाईचं लक्ष्य चार टक्के, दोन्हीकडे दोन टक्क्यांची सवलत. सलग तीन तिमाही ही हद्द ओलांडली, की बँकेने सरकारला कारणं लेखी द्यायची. २०२२ मध्ये तशी वेळ आली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. तरी ऑगस्टमध्ये समितीने दर हलवला नाही. रेपो वाढवून टोमॅटोची आवक वाढत नाही. बघायचं असतं ते एवढंच, की भाजीची महागाई बाकी वस्तूंमध्ये झिरपतेय का. पण महागाई मोजणाऱ्या, २०१२च्या पायावरच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता, म्हणून हे क्रेट समितीच्या टेबलावर येतातच.

(लक्ष्मी रोड, बँकेचा काउंटर)

रेपोतली पाव टक्का कपात कर्जदारापर्यंत पोहोचली, तर? पन्नास लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये, सव्वाआठने ४२,६०३.

(काउंटरवरची माणसं. निवेदन नाही.)